परदेशाचा जमाखर्च

मी कविता लिहितो. पण आमच्या गावात माझी ओळख कवी म्हणून कमी आणि कागद वाचून देणारा माणूस म्हणून जास्त आहे. बी. ए. झालेल्या माणसाला इंग्रजी करार वाचता येतोच, अशी गावाची समजूत आहे. त्यामुळे आखातात नोकरी लागलेली मुलं कंपनीचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. सोबत कधी आई असते, कधी मामा. मी कागद वाचून दाखवतो आणि शेवटी ठरलेला प्रश्न येतो, "चाचा, जाऊ का? परवडेल का?"

आज या प्रश्नाविषयीच बोलायचं आहे. परदेश म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला अमेरिका, कॅनडा आठवतो. कोकणातल्या मुसलमानाला आठवतं ते आखात. दुबई, कुवेत, सौदी, कतार, मस्कत, बहरीन. मी याच परदेशाबद्दल बोलणार आहे, कारण त्याचे कागद माझ्या हातून गेले आहेत.

बाहेर जाणं आम्हाला नवं नाही. आमची माणसं बोटींवर खलाशी म्हणून गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही घराणी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला जाऊन राहिली. तिथे त्यांना आजही 'कोकणी' म्हणूनच ओळखतात. आखाताशी तर रुपयाचंच नातं होतं. कुवेत, बहरीन, कतार आणि आजची अमिरात इथे आपला रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. १९६१ साली कुवेतने स्वतःचा दिनार आणला आणि १९६६ साली रुपयाचं अवमूल्यन झालं, त्याच्या आगेमागे इतरांनीही एकेक करून रुपया सोडला. एके काळी तिथला बाजार आपल्या रुपयावर चालायचा. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि पुढे आपल्याकडच्या कित्येक घरांची चूल तिथल्या पैशावर पेटू लागली.

आता हिशेबाकडे येऊ. मुलगा पगार सांगतो, "अडीच हजार दिरहम." लगेच घरातलं कुणीतरी मोबाइल काढून गुणाकार करतं. हिशेबाच्या सोयीसाठी एका दिरहमचे २४ रुपये धरले, तर साठ हजार होतात. आईचा चेहरा उजळतो. साठ हजार! इथे वायरमनला कोण देतो साठ हजार?

हा गुणाकारच फसवा आहे. पगार दिरहमचा असतो तसा खर्चही दिरहमचा असतो. राहण्याची सोय कंपनी देणार नसेल, तर दुबईत त्या पोराला खोली मिळत नाही, खाट मिळते. 'बेड-स्पेस' म्हणतात तिला. एका खोलीत सहा-आठ जण, कधी त्याहून जास्त. खाटेचे ७०० दिरहम धरा, मेसचे ६००, बस-मेट्रो आणि फोनचे २५०, औषधपाणी, कपडे धुणं, केस कापणं याचे १५०. झाले १,७००. उरले ८००, म्हणजे १९ हजार २०० रुपये.

दुसऱ्या मुलाचा कागद बघा. पगार अवघा १,५०० दिरहम. घरचे नाक मुरडतात. पण कागदात लिहिलंय, की राहणं, जेवण आणि कामावर नेण्या-आणण्याची बस कंपनीची. त्याचा वरखर्च ३५० धरला, तरी उरतात १,१५०, म्हणजे २७ हजार ६०० रुपये. पंधराशेवाल्याने अडीच हजारवाल्यापेक्षा दरमहा आठ हजारांहून जास्त वाचवले. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही आपल्या कागदावरचे घाला. पण बघायचं काय, तर उरतं किती. मिळतं किती हा लग्नाच्या बैठकीत सांगायचा आकडा आहे.

हाच मुलगा पुण्याला पंचवीस हजारांवर लागला तर? खोली, मेस, प्रवास जाऊन बारा हजार उरतील. म्हणजे आखातात जास्त उरतं, हे खरंच आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण साठ हजार आणि पंचवीस हजार यांत जेवढं अंतर दिसतं, तेवढं अंतर शिलकीत नसतं. शिवाय पुण्याचा मुलगा बकरी ईदला घरी असतो आणि बापाला दवाखान्यात न्यायचं झालं तर रातोरात गाडी पकडतो. याचे रुपये किती धरायचे, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणखी एक गोष्ट आमच्या लोकांच्या लक्षात येत नाही. दिरहमची किंमत डॉलरशी बांधलेली आहे. १९९० साली दिरहमला पाच रुपयेसुद्धा मिळत नव्हते, २०२२ साली एकवीस-बावीस मिळू लागले. गावाला वाटतं, मुलाची कमाई चौपट झाली. प्रत्यक्षात पगाराचा आकडा वर्षानुवर्षं तोच असतो, घसरलेला असतो रुपया. आणि रुपया घसरला, की आपल्याकडचं तेल, सिमेंट, औषधं, शाळेची फी, सगळं वर चढतं. दिरहममागे चार रुपये जास्त आले म्हणून पेढे वाटणाऱ्या घरातच महिनाअखेरीला वाण्याची वही लांबलेली असते.

मग मुलं विचारतात, "बायकोमुलांना तिकडेच नेलं तर?" अमिरातीत २०१९ च्या नियमाप्रमाणे कुटुंब आणायला किमान चार हजार दिरहम पगार लागतो, किंवा तीन हजार आणि राहायची जागा. ही झाली परवानगी. परवडणं वेगळं. तिथे घरभाडं बहुधा वर्षाचं ठरतं आणि त्याचे चेक आधी द्यावे लागतात. शाळा खासगी, फी दिरहममध्ये. सौदीने तर जुलै २०१७ पासून परदेशी नोकरदाराच्या घरातल्या प्रत्येक माणसामागे कर लावला. पहिल्या वर्षी महिना १०० रियाल, पुढे दर वर्षी शंभराने वाढत २०२० साली ४०० रियाल. बायको आणि दोन मुलं असतील तर महिन्याला १,२०० रियाल नुसते ती तिथे राहतात म्हणून. त्या काळात कित्येकांनी कुटुंब परत पाठवलं आणि स्वतः पुन्हा खाटेवर आले. त्यावर जानेवारी २०१८ मध्ये व्हॅट आला, पाच टक्के, आणि जुलै २०२० मध्ये सौदीत तो एकदम पंधरा टक्के झाला.

अमेरिकेत, कॅनडात गेलेला माणूस निदान तिथला होण्याची आशा धरू शकतो. आखातात ती वाट जवळजवळ बंद आहे. तीस वर्षं राहा, नोकरी संपली की व्हिसा संपला. परत यायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच असतं. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं, तेव्हा दीड लाखांहून जास्त भारतीयांना जॉर्डनच्या अम्मानहून विमानांनी परत आणावं लागलं. अनेकांचे वर्षानुवर्षांचे संसार तिथेच राहिले. २०२० साली करोनात पुन्हा विमानं भरभरून माणसं आली. ज्यांनी परतीची तयारी ठेवली होती ती सावरली. ज्यांनी सगळा पैसा घराच्या दुसऱ्या मजल्यात घातला होता, त्यांच्याकडे दुसरा मजला होता.

परतीच्या वेळी हातात काय पडतं? अमिरातीच्या कायद्यात ग्रॅच्युइटी आहे. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. पण हा पगार म्हणजे मूळ पगार, 'बेसिक'. पगार अडीच हजार दाखवून बेसिक हजारच ठेवलेलं करारात पुष्कळदा दिसतं, उरलेले भत्ते. वीस वर्षांचा हिशेब करा. साडेअठरा महिन्यांचं बेसिक, म्हणजे १८ हजार ५०० दिरहम, साधारण साडेचार लाख रुपये. बेसिक दीड हजार असतं, तर पावणेसात लाखांच्या आसपास गेले असते. म्हणून मी मुलांना सांगतो, कागदावर आधी बेसिक शोधा. आज भरलेला तो एक चौकोन वीस वर्षांनी तुमच्याशी बोलणार आहे.

आता इकडचा खर्च. आखाताच्या पैशाने आमच्या भागाचं भलं केलं, हे मी आधी सांगतो. शाळा उभ्या राहिल्या, मुली कॉलेजात गेल्या, आजारपणात दागिने मोडायची वेळ कमी झाली. पण त्याच पैशाने गावातलं जगणंही महाग केलं. जमिनीचे भाव असे चढले, की गावात राहून कमावणाऱ्याला चार गुंठे घेता येत नाहीत. एकाने लग्नात पाचशे पानं उठवली, की दुसऱ्याला सातशे उठवावी लागतात. घरं मोठी झाली आणि रिकामी झाली. जांभ्या दगडाची, टाइल्स लावलेली, गेटला कुलूप. आमची मुलं दुबईत दुसऱ्यांच्या इमारतींत वायरिंग करतात आणि आमच्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून गुरखे येतात. तो गुरखाही बायकोमुलांना डोंगरात ठेवूनच आलेला असतो. आपल्या रुपयाचा तोही तिकडे गुणाकार करत असेल.

या महागाईमुळे एक वाक्य जन्माला आलं: "अजून दोन वर्षं." पहिली दोन वर्षं एजंटाचं कर्ज फेडायला, पुढची दोन बहिणीच्या लग्नाला, मग घराला, मग मुलांच्या शिक्षणाला. प्रत्येक वेळी कारण खरं असतं. पण घरचा खर्च तिकडच्या पगाराच्या मापाने वाढलेला असतो, त्यामुळे इकडच्या कमाईत तो पुन्हा कधीच बसत नाही. माणूस पैशासाठी गेलेला असतो आणि खर्चासाठी तिथेच राहतो.

शाळकरी वयात मी शेजारच्या बायकांची पत्रं लिहून देत असे. कुवेतला, दम्मामला. त्या सांगायच्या आणि मी लिहायचो, पाऊस, भाताचं पीक, मुलाचा ताप, सासूचं दुखणं. शेवटी एखादी थांबायची आणि म्हणायची, "बाकी सगळं ठीक आहे, असं लिही." पुढे कॅसेटा आल्या, मग फोन आला, आता रोज चेहरा दिसतो. पण एक हिशेब बदललेला नाही. दोन वर्षांनी दोन महिने रजा. चोवीस वर्षांच्या संसारात बारा रजा, म्हणजे चोवीस महिने. चोवीस वर्षं लग्न झालेली ती दोघं उणीपुरी दोन वर्षं एकत्र राहिली. दीर, सासू, शेत, शाळा, बँक, सगळं त्या बाईने एकटीने सांभाळलं. जमाखर्चाच्या वहीत तिच्या नावाची ओळ कुठेच नसते.

मग जावं की जाऊ नये? जाऊ नका असं मी म्हणत नाही, आणि ते म्हणण्याचा मला अधिकारही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा देशात सर्वांत मोठा, सुमारे २० टक्के होता. त्या पैशातला सर्वांत मोठा हिस्सा आता अमेरिकेतून येतो, सुमारे २८ टक्के, अमिरातीतून १९. म्हणजे शिक्षण घेऊन गेलेल्याची कमाई वाढते आहे. कारागिराने जायचं तर हातात कसब आणि त्याचं प्रमाणपत्र घेऊन जावं. 'हेल्पर' म्हणून गेलेला बहुधा हेल्परच राहतो.

जाणाऱ्यांनी एवढं पाळावं. एजंट सरकारी परवान्याचा आहे का, ते 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासावं. २०१७ च्या नियमाप्रमाणे त्याला ३० हजार रुपये आणि वरचा कर, याहून जास्त घेता येत नाही, आणि त्याची पावती मागावी. व्हिजिट व्हिसावर जाऊन नोकरी शोधू, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नये. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीचा शिक्का असतो. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजनेत काहीशे रुपयांत दहा लाखांचं अपघाती संरक्षण आहे. ते घेतलं का, ते बघावं. कराराची एक प्रत घरी ठेवावी.

आणि निघण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. किती पैसे साठवायचे, कशासाठी, आणि कोणत्या वर्षी परत यायचं. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण आकड्यांत लिहा. खाली सही करा. मग तो कागद घरातल्या बाईपुढे ठेवा, तिला वाचू द्या. तिला त्यात काही बदलायचं असेल तर बदलू द्या आणि तिचीही सही घ्या. कारण निम्मा खर्च तीच भरणार आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)