शोधणाऱ्याला सापडणारे पान



खेड्यापाड्यांतील अनेक प्राथमिक शाळांनी अलीकडे स्वतःची संकेतस्थळे सुरू केली आहेत. बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या उत्साही शिक्षकाने रात्री जागून, स्वतःच्या पदरचे पैसे घालून केलेले असते. उद्घाटन होते, सरपंचांच्या हस्ते कळ दाबली जाते, पेढे वाटले जातात. महिनाभराने तोच शिक्षक गूगलवर आपल्या शाळेचे नाव लिहून पाहतो, तेव्हा भलत्याच शाळा समोर येतात आणि त्याची शाळा काही दिसत नाही. येथे त्याची निराशा होते आणि याच सुमारास कोणीतरी त्याला गाठून, 'इतके पैसे द्या, पहिल्या क्रमांकावर आणून देतो,' असे सांगतो. त्या माणसाला पैसे देण्यापूर्वी, शोधयंत्र काम कसे करते एवढे शिक्षकाने समजून घ्यावे.

शोधयंत्र म्हणजे ग्रंथाच्या शेवटी असलेली शब्दसूची होय. फक्त ग्रंथ अवाढव्य आहे. कोणी प्रश्न लिहिला की ते त्या क्षणी जगभर धावत सुटते, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. त्याचे फिरते वाचक, म्हणजे स्वयंचलित संगणकीय कार्यक्रम, एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर सतत जात असतात. वाचलेल्या पानांतील शब्दांची नोंद सूचीत होते. प्रश्न आला की ही सूची उघडली जाते व योग्य वाटणारी पाने क्रमाने मांडली जातात. म्हणून ज्या पानाकडे कोठूनही दुवा जात नाही त्याकडे फिरता वाचक सहसा वळत नाही, आणि जे पान त्याला वाचता येत नाही त्याची सूचीत धड नोंद होत नाही.

मराठी संकेतस्थळांची मोठी अडचण या 'वाचता येणे' शब्दांतच आहे. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तीत देवनागरीला स्थान होते. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे कार्यालयांत आणि छापखान्यांत जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालत राहिले, अजूनही चालतात. त्या फॉन्टात पडद्यावर 'शाळा' असे स्वच्छ दिसते, पण संगणकाच्या पोटात मात्र रोमन अक्षरांची निरर्थक माळ असते. अक्षराचा वेष देवनागरी आणि देह रोमन, असा हा प्रकार. माणसाचा डोळा फसतो. यंत्र पोटातले वाचते, त्यामुळे त्याला 'शाळा' हा शब्द तेथे सापडतच नाही.

याची परीक्षा कोणालाही करता येते. पानावरील दोन ओळी उचलून भ्रमणध्वनीवरील साध्या संदेशात चिकटवाव्यात. मराठी मराठीच राहिली तर मजकूर युनिकोडात आहे. रोमन अक्षरांचा कचरा दिसू लागला तर तो जुन्या फॉन्टात आहे. असा मजकूर युनिकोडात बदलून देणारी साधने मिळतात. मात्र बदल झाल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते, कारण नेमकी तीच जागा सोडून पळतात. शुद्धलेखनाच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला हे काम परके नाही.

दुसरी अडचण चित्रांची. प्रवेशाची सूचना फळ्यावर किंवा कागदावर लिहायची, तिचे छायाचित्र काढायचे आणि ते संकेतस्थळावर चढवायचे, ही सर्रास रीत आहे. चित्रातील अक्षरे ओळखणारी यंत्रे आता आहेत हे खरे. पण हस्ताक्षर, तिरका कागद आणि अंधूक उजेड यांवर भरवसा ठेवू नये. छायाचित्र अवश्य लावावे, परंतु तोच मजकूर खाली अक्षरांत लिहावा, आणि चित्राच्या पर्यायी मजकुराच्या रकान्यात ते कशाचे आहे हे एका वाक्यात सांगावे. दृष्टिहीन व्यक्ती पडदावाचकाच्या साहाय्याने पान ऐकतात, त्यांनाही हेच वाक्य ऐकू येते. याउलट पहिल्या पानावर सरकणारे सुविचार, उमलणारे गुलाब आणि आपोआप वाजणारे स्वागतगीत यांचा शोधयंत्रास काडीइतका उपयोग नाही. खेड्यातील मंद जाळ्यावर पान उघडण्यास विलंब मात्र लागतो.

आता शीर्षकाकडे वळू या. अनेक संकेतस्थळांच्या प्रत्येक पानाचे शीर्षक 'मुख्यपृष्ठ' किंवा 'सुस्वागतम्' असे असते. शोधाच्या यादीत बहुधा हेच शीर्षक ठळक दिसते. महाराष्ट्रात पिंपळगावे किती आहेत! निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंत, पाचोरा तालुक्यात पिंपळगाव हरेश्वर, भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई, जुन्नर तालुक्यात पिंपळगाव जोगा. आणि ही यादी येथे संपत नाही. 'पिंपळगाव शाळा' एवढ्याने कोणती शाळा, हे टपालवाल्यालाही कळणार नाही. शाळेचे पूर्ण नाव, गाव, तालुका व जिल्हा एवढे पहिल्या पानाच्या शीर्षकात यावे. आतील प्रत्येक पानास त्याच्या विषयाचे निराळे शीर्षक द्यावे.

शब्द निवडताना शोधणारा कोण आहे हे आठवावे. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेली आई, किंवा बदलीमुळे मध्येच गाव बदलणारा पोलीस शिपाई भ्रमणध्वनीवर काय लिहील? 'पहिलीत नाव घालायला कागदपत्रे कोणती', असे लिहील. शाळेच्या पानावर मात्र 'दाखलपात्र नवागत विद्यार्थ्यांच्या प्रवेशप्रक्रियेबाबत' असे असते. कार्यालयीन भाषा परिपत्रकात शोभते. पालकासाठी लिहिलेल्या पानावर पालकाचा शब्द आधी यावा. पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन लिपीत लिहून शोधतात, म्हणून शाळेचे व गावाचे नाव एकदा रोमन लिपीतही द्यावे. एकदाच. तोच शब्द पन्नास वेळा लिहिल्याने किंवा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत दडविल्याने वरचा क्रमांक मिळतो, ही समजूत जुनी झाली. शोधयंत्रे अशा युक्त्या लबाडी समजतात. पानाच्या अंतर्भागी कळीच्या शब्दांची यादी घालण्याच्या रीतीचाही गूगल क्रमवारीसाठी उपयोग करीत नाही, हे त्या कंपनीने २००९ मध्ये जाहीर केले आहे.

मग क्रम कशावर ठरतो? १९९८ मध्ये लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी आपल्या निबंधात जी कल्पना मांडली, तिचे मूळ विद्वानांच्या जुन्या रिवाजात आहे. ज्या ग्रंथाचा आधार इतर ग्रंथ वारंवार घेतात तो महत्त्वाचा. आणि आधार घेणाराच मान्यवर असेल तर त्याचे वजन अधिक. ग्रंथांच्या जागी पाने आणि आधाराच्या जागी दुवे ठेवले की ती कल्पना समजते. आज क्रम ठरविताना यांखेरीज अनेक गोष्टी पाहिल्या जातात, तथापि दुव्याचे महत्त्व संपलेले नाही. केंद्रशाळा, ग्रामपंचायत, शेजारच्या शाळा यांनी आपापल्या संकेतस्थळांवरून शाळेच्या पानाकडे दुवा द्यावा, अशी विनंती करण्यात संकोच नसावा. विकत घेतलेल्या दुव्यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. गूगलने त्यांविरुद्ध कडक धोरण ठेवले आहे. एखाद्या शिक्षकाने गावातील जुन्या बारवेची मोजमापे घेऊन, वृद्धांना विचारून एक चांगले पान लिहिले, तर त्याकडे दुवे आपण होऊन येण्याचा संभव असतो, कारण ती माहिती अन्यत्र नसते.

पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्या गृहस्थांविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलच स्पष्टपणे सांगते. पैसे भरून जाहिरात मिळते, आणि ती जाहिरात म्हणून खुणेनिशी वेगळी दाखविली जाते. सामान्य क्रमातील जागा विकत मिळत नाही. गूगलचे 'सर्च कन्सोल' हे साधन विनामूल्य आहे. त्यात संकेतस्थळाची नोंद करून पानांची यादी सादर करता येते, आणि कोणते पान सूचीत गेले, कोणते का गेले नाही, हे पाहता येते. नवीन पान सूचीत येण्यास काही दिवस, कधी काही आठवडे लागतात.

सापडू नये असेही काही असते. विद्यार्थ्यांची जन्मतारखांसह यादी, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी, शिष्यवृत्तीचे बँक तपशील हे संकेतस्थळावर ठेवलेले अनेकदा आढळते. अहवाल चढविण्याच्या घाईत ते घडते. 'येथे येऊ नये' असे फिरत्या वाचकास सांगणारी एक सूचना-फाइल असते. ही पद्धत १९९४ पासूनची आहे, परंतु ती दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे. सभ्य यंत्रे ती मानतात, इतरांवर तिचा अंमल नाही. बालकांची अशी माहिती संकेतस्थळावर ठेवूच नये. चुकून गेलीच, तर ती फाइल तत्काळ काढून सर्च कन्सोलमधून निष्कासनाची विनंती करावी. कारण मूळ पान गेल्यावरही शोधाच्या यादीत त्याची छाया काही काळ राहू शकते.

शेवटी बदलीसंबंधी. संकेतस्थळाचा पत्ता ठरावीक मुदतीसाठी नोंदविलेला असतो आणि नूतनीकरण चुकले तर तो दुसरा कोणीही घेऊ शकतो. नोंदणी शिक्षकाच्या खासगी ईमेलवर आणि परवलीचा शब्द त्याच्या वहीत असला, तर त्याची बदली झाल्यावर नूतनीकरणाची सूचना नव्या गावी जाते आणि जुन्या शाळेचे संकेतस्थळ एके दिवशी बंद पडते. वर्षानुवर्षे मिळविलेले दुवेही त्याबरोबर निरर्थक होतात, किंवा परक्याच्या पदरी पडतात. म्हणून नोंदणी शाळेच्या ईमेलवर करावी. आणि पदभार देताना तक्ते, खुर्च्या, शालेय पोषण आहाराची भांडी यांच्या यादीतच संकेतस्थळाचा पत्ता, नोंदणी केलेल्या कंपनीचे नाव व नूतनीकरणाची तारीख लिहून दोघांनी सह्या कराव्यात. परवलीचा शब्द त्या यादीत लिहू नये. तो बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांकडे द्यावा आणि पदभार घेणाऱ्याने त्याच दिवशी बदलून घ्यावा.