भूगर्भाचा वेध आणि पोटापाण्याचा प्रश्न



क्षिप्राकाठच्या भैरवगढाचे छापील कापड दूरवर जाते. परंतु ते रंगविणे, धुणे हे सारे पाण्यावाचून अडते. नदी आटली की विंधन विहीर आली, आणि ती कोठे घ्यावी हे पुष्कळदा तळहातावर नारळ धरणारा पाणाड्याच ठरवितो. माळव्याखाली सह्याद्रीचाच काळा पाषाण आहे. त्यात पाणी असते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. एका ठिकाणी धार लागते, पलीकडे नुसता भुगा निघतो.

भूभौतिकशास्त्रज्ञ जमिनीत सळया रोवून विद्युत्प्रवाह सोडतो. अखंड खडक प्रवाहाला अडवितो, ओला थर वाट देतो. सळयांमधील अंतर वाढवीत नेले की खोलीचा अंदाज येतो. मात्र चिकणमातीही वाट देते. आकड्यामागे पाणी आहे की माती, हे ओळखण्यासाठीच माणसाला वेतन द्यावयाचे!

हा व्यवसाय मराठी माणसाला परका नाही. अलिबागेजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे ऐन तारुण्यात, 1840 नंतरच्या दशकात, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोकरीस होते. तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही निरीक्षणे होत. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून 1904 साली चुंबकीय वेधशाळाच अलिबागेस हलविली. केरूनाना चुंबकाकडे गेले होते. चुंबक त्यांच्या गावाशेजारी आले.

आज पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मुलामुलींना घरचे शिक्षकीच सुचवितात. वस्तुतः संघ लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात भूभौतिकीची पदे भरली जातात. 'गेट' परीक्षेच्या आधारे तेल व नैसर्गिक वायू महामंडळानेही अशी भरती केली आहे. अर्थात जागा थोड्या, स्पर्धा मोठी. खाजगी तेलशोधातील कामे तर तेलाच्या भावाबरोबर वरखाली होतात. शिवाय महिनोन्महिने रानात मुक्काम. मुलीला तेथे कसे धाडावे, हा आईबापांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण तो तिला विचारूनच सोडवावा.

ग्रंथालयांत जिल्हाधिकारी होण्याची पुस्तके ढिगाने असतात. त्यांच्या शेजारी भूभौतिकीचा एखादा पाठ्यग्रंथ आणि त्या परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका ठेवाव्यात. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असतात, तेव्हा पारिभाषिक शब्दांचा एक मराठी कोशही त्याच कपाटात असावा.