सही करण्याआधी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून चौघांनी विचारलं, "काय करून रायला बे तू सध्या?" एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून माईक घेतला. मी खेळांच्या हक्कांचे कागद करतो. कागदावर, टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ एखाद्या कंपनीला संगणकावर आणायचा असतो. मूळ कर्त्याने तिला काय द्यायचं, किती वर्षांसाठी आणि किती पैशात, हे त्या कागदात लिहिलेलं असतं.

असा खेळ आपण नववीत खेळलो आहोत. ऑफ तासाला शेवटच्या बाकावर आपला एक मित्र दोनशे पानी वही उघडायचा. "तुम्ही गाविलगडाच्या दरवाजात उभे आहात. मशाल विझत आली आहे. काय करता?" आपण काय करणार ते सांगायचं आणि चार कवड्या टाकायच्या. तीन उताण्या पडल्या की कुलूप उघडायचं. एकदा भूगोलाच्या सरांनी वही जप्त केली. आठवड्याने परत दिली तेव्हा किल्ल्याच्या नकाशाखाली लाल शाईत लिहिलं होतं, 'प्रमाण व उत्तर दिशा दाखव.' सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत आहात. त्या नकाशाला नंतर प्रमाण आलं.

आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं, पण अमेरिकेत १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' याच धर्तीवर निघाला होता. त्यावर बेतलेला 'बॉल्डर्स गेट ३' हा संगणकावरचा खेळ २०२३ मध्ये जगभर गाजला. तो केला बेल्जियमच्या लारियन कंपनीने, पण नावाचे आणि त्या जगाचे हक्क हॅस्ब्रोच्या कंपनीकडे. पुढचा भाग आम्ही करणार नाही, असं लारियनने २०२४ मध्ये जाहीर केलं. नाव मालकाकडेच राहिलं. बटईने केलेल्या शेतासारखं आहे हे. पीक कितीही जोमदार येवो, सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

उलट उदाहरण माइक पाँडस्मिथ यांचं. त्यांचा 'सायबरपंक' १९८८ मध्ये पुस्तकरूपात आला. पोलंडच्या एका कंपनीने त्यावरून 'सायबरपंक २०७७' काढला, तो २०२० मध्ये. त्याच वर्षी पाँडस्मिथ यांच्या कंपनीने टेबलावरच्या खेळाची नवी आवृत्तीही काढली. एक दार उघडून दिलं, पण टेबलावरचा खेळ हातात ठेवला.

कोणी म्हणेल, लुडो किंगने कोणाची परवानगी घेतली? नवी मुंबईच्या कंपनीने तो २०१६ मध्ये आणला. लुडो निघाला आपल्या पचिसीतून, आणि खेळण्याची पद्धत ही कोणाची मालमत्ता होत नाही. पण त्या पद्धतीवर तुम्ही लिहिलेली गोष्ट, काढलेला नकाशा, रंगवलेली पात्रं तुमची असतात. कवड्या सगळ्यांच्या, वही मात्र आपल्या मित्राची.

आता त्या वहीचं पुढे काय झालं ते सांगतो. मित्राची परवानगी घेतली आहे.

पंधरा वर्षांपूर्वी त्याने अकोल्यातल्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात त्या वहीचं पुस्तक केलं. गाविलगडाला नरनाळा जोडला, मेळघाटातल्या वाटा जोडल्या. शंभर प्रती काढल्या. एक प्रत मोबाइलचे खेळ करणाऱ्या एका कंपनीच्या हाती लागली. त्यांनी पंचवीस हजार रुपये देऊ केले आणि सात पानी इंग्रजी करार पाठवला. त्याने मला फोन केला. मी विमानतळावर होतो. म्हणालो, "घे ना बे, सही करून टाक. तुझं पुस्तक असं कोण विचारते?"

मी करार वाचला नाही. लोकांचे करार वाचून पोट भरणाऱ्या मी मित्राची सात पानं वाचली नाहीत.

कंपनीने खेळ काढलाच नाही. चार वर्षांनी मित्राने दुसरी आवृत्ती छापायला घेतली, तेव्हा नोटीस आली. छापील पुस्तकासकट सगळ्या माध्यमांचे हक्क, जगभरासाठी आणि कायमचे, त्याने लिहून दिले होते. आपला कायदा तसा लेखकाच्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो परत येतो, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. त्याच्या करारात नेमकं वेगळं लिहिलेलं होतं, पाचव्या पानावर.

पुढे दीड वर्ष मी पत्रं लिहिली. छापील पुस्तकाचे हक्क परत मिळाले. मोबाइलचे आणि संगणकाचे अजून त्यांच्याकडेच आहेत. त्याचा मुलगा आज पुण्यात संगणकावरचे खेळ तयार करतो, पण बापाच्या गाविलगडावर त्याला खेळ करता येत नाही. मित्र मला याबद्दल एका शब्दाने बोलला नाही. मी गेलो की अजूनही चहा मागवतो. त्यामुळेच हे मला जास्त लागतं. म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी होती. माफ कर, भाऊ.

आपल्यात कोणी कविता करतं, कोणाची मुलगी चित्रं काढते, कोणी वऱ्हाडी गोष्टी रेकॉर्ड करून टाकतं. उद्या कोणी कागद घेऊन येईल. तेव्हा चार गोष्टी बघा. कोणतं माध्यम, किती वर्षं, कुठे, आणि काम केलंच नाही तर हक्क परत कधी. एकरकमी पैशाबरोबर विक्रीतला वाटाही मागा. आणि कागद मला पाठवा. फी नाही. या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचीन.

दुसऱ्या आवृत्तीच्या वीस प्रती बाहेर टेबलावर आहेत. किंमत देऊनच घ्या. जेवणानंतर मागच्या वर्गात मित्र वही उघडणार आहे. चार कवड्या मी आणल्या आहेत.