कारणाच्या रकान्यात काय लिहायचं?



कारखान्यांतले वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि सुरक्षा अधिकारी यांच्या यंदाच्या परिषदेचा विषय आहे गांजा कायदेशीर करण्याचा वाद आणि सार्वजनिक आरोग्य. या वादात एका बाजूला आयुर्वेदाचे आणि शंकराच्या प्रसादाचे दाखले देणारे असतात, दुसऱ्या बाजूला गांजा म्हणजे वेड, गांजा म्हणजे गुन्हा असं मानणारे. तुकोबांचं देहू भोसरी-चाकणच्या आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. भांग आणि तमाखूच्या नादी लागलेल्या ढोंगी साधूंवर तुकोबांनी साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी कोरडे ओढले. तेव्हा हा वाद आपल्या मातीला नवा नाही. मात्र प्रेस शॉपवर बारा तास उभ्या राहणाऱ्या कंत्राटी पोराचं काय, हे त्यात फारसं कुणी विचारत नाही. मी त्याच्या बाजूने बोलणार आहे.

सुरुवात जरा जुन्या काळापासून करतो. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश पार्लमेंटात ओरड झाली की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत. सरकारने १८९३ साली डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाख्यातल्या साक्षी अहवालाच्या सातव्या खंडात आहेत. या आयोगाचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम म्हणजे त्याने इस्पितळातल्या नोंदी एकेक करून उलगडल्या. रुग्णाबरोबर पोलिसांकडून किंवा मॅजिस्ट्रेटकडून एक तक्ता येई. त्यात ‘वेडाचं कारण’ असा रकाना असे. तो मोकळा ठेवला तर वरून विचारणा होई. माणूस कुठला, घरचे कोण, आजार कधीपासून, काहीच माहीत नसे. पण तो कधीतरी चिलीम ओढायचा एवढं कळलं की रकान्यात ‘गांजा’ लिहून टाकत. डॉक्टर तेच आपल्या वहीत उतरवून घेत, आणि वर्षाअखेरीला त्याचीच आकडेवारी होई. आयोगाने चौकशी केली तेव्हा यातल्या अनेक नोंदी टिकल्या नाहीत. माफक सेवनाने सहसा इजा होत नाही, अतिरेकाने होते, आणि बंदीपेक्षा कर व परवाने बरे, असा निष्कर्ष त्याने १८९४ साली काढला.

तो निष्कर्ष आज जसाच्या तसा उचलू नये असं माझं मत आहे, त्याची कारणं पुढे सांगतो. मला इथे फक्त तो रकाना दाखवायचा होता, कारण तो आपल्या टेबलावर आजही आहे.

एका पुरवठादार कारखान्यातून पहाटे साडेतीनच्या सुमाराला एकवीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला. उजव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेलेली. हात कळकट कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेला, हातमोजा आतच चिकटलेला. मागोमाग ठेकेदाराचा माणूस आला. बोटं वाचतील का, हे त्याने विचारलं नाही. म्हणाला, “डॉक्टर, आधी लघवी तपासा. पोरगं ओढतं.” चाचणीच्या पट्टीवर गांजा पॉझिटिव्ह आला. मुलगा शुद्धीवर होता, नीट बोलत होता. रविवारी संध्याकाळी रूमवर ओढला होता म्हणाला. अपघात झाला गुरुवारी पहाटे. डोळे, चाल, बोलणं, कशातही नशेची खूण नव्हती. पुढे सुरक्षा अधिकाऱ्याने सांगितलं की प्रेसचं दोन हातांनी दाबायचं बटण बायपास करून पायाच्या पेडलवर काम चालू होतं. उत्पादनाचं टार्गेट गाठायचं म्हणून.

आता वैद्यकीय गोष्ट. गांजातला मुख्य नशा आणणारा घटक, टीएचसी, चरबीत विरघळतो. ओढल्यावर त्याचा अंमल काही तास राहतो, पण त्याचे अवशेष शरीरातल्या चरबीतून हळूहळू सुटत राहतात. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते कित्येक आठवडे सापडतात. म्हणजे पट्टी फार तर एवढंच सांगते की या माणसाने मागे कधीतरी गांजा घेतला. अपघाताच्या क्षणी तो नशेत होता का, हे ती सांगू शकत नाही. आणि नेमक्या याच जागी कायद्याची मेख आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून मालकाला नशेचं कारण पुढे करता येतं. आजची तरतूद अशी आहे की मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलेलं नसेल, आणि इजा थेट कामगाराच्या नशेमुळे झालेली असेल, तर मालकाला भरपाई द्यावी लागत नाही. दोन बोटं गेलेला मुलगा बरोबर याच फटीत अडकतो. आपण ‘युरिन पॉझिटिव्ह’ एवढेच दोन शब्द लिहून सही केली की त्याचा हात त्याच्याच माथी मारायला पुरेसं साधन हाती येतं. मी ते लिहायला नकार दिला. वेळ, तपासणीत दिसलेल्या खुणा, बोलण्या-चालण्याची स्थिती आणि यंत्राबद्दल मिळालेली माहिती, एवढंच लिहिलं. मग बरेच दिवस मला फोन येत राहिले.

याचा अर्थ गांजा निरुपद्रवी आहे असा कुणी घेऊ नये. ताज्या नशेत अंतराचा अंदाज, लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग तिन्ही बिघडतात. फोर्कलिफ्ट, क्रेन, ग्राइंडर यांच्याशेजारी असा माणूस उभा करणं म्हणजे शेजारच्याचाही जीव धोक्यात घालणं. होळीच्या आणि महाशिवरात्रीच्या दिवसांत भांगेची थंडाई पिऊन दुसऱ्या पाळीला येणारे कामगार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने रोपाचे फुलांचे शेंडे, म्हणजे गांजा, बंदीत घातले आणि नुसतं पान, म्हणजे भांग, वगळलं. पण पोटातून घेतलेल्या भांगेचा अंमल उशिरा चढतो आणि ओढलेल्या गांजापेक्षा जास्त वेळ टिकतो. गेटवर माणूस ठीक वाटतो, आणि तासाभराने यंत्रावर त्याला चढते.

त्याहून मोठी काळजी मला वयाची आहे. आपल्या पट्ट्यातले कंत्राटी आणि शिकाऊ कामगार अठरा ते पंचवीसचे. या वयात मेंदू अजून घडत असतो. २०१९ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आलेल्या युरोपीय अभ्यासात, कडक गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसली. यंग आयोगासमोरचा गांजा आणि आजचा निवडून, पोसून काढलेला कडक माल यांत फार फरक आहे. म्हणूनच १८९४ च्या निष्कर्षावर विसंबून राहता येत नाही.

दवाखान्यात हमखास चुकणारी एक गोष्ट तरुण डॉक्टरांसाठी सांगतो. महिन्या-दोन महिन्यांनी उलट्यांनी बेजार होऊन येणारा तरुण, सगळे रिपोर्ट नॉर्मल, अॅसिडिटीच्या गोळ्यांनी फरक नाही. त्याला विचारा, “गरम पाण्याने अंघोळ केली की बरं वाटतं का?” तो हो म्हणाला तर दार लोटून घ्या आणि गांजाबद्दल विचारा. बरीच वर्षं रोज ओढणाऱ्यांत हा आजार दिसतो, आणि ओढणं थांबवलं की जातो.

आणि तो का ओढतो, हेही विचारा. मला सर्वांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर आहे, “झोप लागत नाही, सर.” एका आठवड्यात रात्रपाळी, पुढच्यात सकाळची; चाकणजवळच्या नाणेकरवाडी-खराबवाडीतल्या पत्र्याच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी आठ-दहा जणं; वर ओव्हरटाइम. गांजाने सुरुवातीला झोप लागते. काही आठवड्यांत तेवढ्याने भागत नाही, आणि सोडला की पहिल्या आठवड्यात झोप पार उडते, चिडचिड होते, भूक मरते. मग तो पुन्हा टपरीकडे वळतो. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा किंवा चरस घेतात, आणि त्यातल्या सुमारे ७२ लाखांना उपचारांची गरज आहे. तुरुंगात टाकून यातला एकही बरा होणार नाही.

मग कायदा बदलावा का? औषधी वापर आणि तागासारख्या धाग्यासाठी होणारी शेती हे वेगळे प्रश्न आहेत. उत्तराखंडाने २०१८ पासून अशा शेतीला परवाने दिले आहेत, माझी त्याला हरकत नाही. नशेसाठी खुल्या विक्रीला मात्र माझा विरोध आहे. थायलंडने २०२२ साली दारं उघडली, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. कॅनडात गांजाची चॉकलेटं-गोळ्या बाजारात आल्यावर त्या चुकून खाऊन रुग्णालयात येणाऱ्या लहान मुलांची संख्या वाढली. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटसमोर कशाच्या रांगा लागतात ते आपल्याला माहीत आहे. तिथे आणखी एक परवानाधारक दुकान मला नको, जाहिरातींसह तर नकोच.

पण ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं थांबलं पाहिजे. आजच्या अंमली पदार्थ कायद्यात गांजाच्या नुसत्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट आहे. ही तरतूद किती कामगारांना माहीत आहे? किती ठेकेदारांना, किती पोलिसांना? पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्याला मोठा आर्थिक हात दिला. त्या कामातून या जिल्ह्याने व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहायला शिकायला हवं होतं. कारखान्याच्या गेटवर ते अजून पोचलेलं नाही. तिथे पट्टी पॉझिटिव्ह आली की गेटपास बंद, आणि सोमवारी त्याच यंत्रावर नवा मुलगा.

म्हणून मी या परिषदेपुढे तीन गोष्टी ठेवतो. अपघातानंतरच्या अहवालात नुसत्या लघवीच्या चाचणीवरून कारण नोंदवायचं नाही. तपासणीत दिसलेली नशेची लक्षणं आणि यंत्राच्या सुरक्षा-साधनांची स्थिती दोन्ही शेजारी-शेजारी लिहायची. व्यसनासाठी स्वतःहून आलेल्या कामगाराचं नाव व्यवस्थापनाकडे जाणार नाही, आणि उपचारांच्या काळात त्याला यंत्रापासून दूर, पण कामावर ठेवलं जाईल, अशी लेखी हमी प्रत्येक कंपनीकडून घ्यायची. आणि कलम ६४-अ ची माहिती मराठी आणि हिंदीत प्रत्येक वैद्यकीय कक्षाच्या भिंतीवर लावायची. या तिन्हींचा मसुदा दुपारच्या सत्रात चर्चेला येईल. आपापल्या कारखान्यात यातलं काय जमणार नाही, आणि कुणामुळे जमणार नाही, ते तिथे मोकळेपणाने मांडा.