शिक्षणसेवक कोणाचा?
(उत्तर सोलापूर तालुक्यांतील पालकसभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)

शेतकरी, विणकर व कारागीर बंधुभगिनींनो,

तुमची लेक डी. एड. होते, परीक्षा देऊन शाळेंत लागते, तुम्ही पेढे वांटतां. पण हुकुमावर 'शिक्षक' हा शब्द नसतो, 'शिक्षणसेवक' असतो. ही योजना सरकारनें २००० सालीं काढली. तीन वर्षें मानधनावर राबायचें, मग पुरें वेतन. प्राथमिक शाळेंत तें मानधन आरंभीं महिना ३००० रुपये होतें, म्हणजे दिवसाला शंभर! २०२३ पासून तें १६,००० झालें. सेवक म्हटलें कीं कमी देण्यास मोकळीक मिळते, ही युक्ति नामी खरी.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनास लिहून दिलें कीं, खेड्यांतला मास्तर शिकवून तयार केलेला, होईल तों शेतकरी वर्गांतला, प्रसंगीं नांगराची मूठ वा सुताराची वाकस धरणारा असावा. आणि त्यास दरमहा १२ रुपयांहून कमी पगार नसावा. तसा मास्तर आज आपल्याच घरांतून निघतो आहे, पण पगाराचें कलम मागें राहिलें.

काम मात्र तेंच, हजेरीपट तोच. जुन्या मास्तराच्या हाताखालीं बसून शिकावें, तर दोन शिक्षकांच्या शाळेंत तो स्वतःच दोन वर्गांत अडकलेला. मग पहिलीचा वर्ग, जेथें मूल अक्षराला बिचकतें, तोच पुष्कळदां नवीच्या गळ्यांत पडतो. मागावर नवा पोर घेतां तेव्हां आधीं कांड्या भरायला लावतां, तुटला धागा सांधायला शिकवितां. लगेच धोटा हातीं देतां काय?

२०२४ सालीं मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेंतून बारावी झालेलीं मुलेंही मदतीस आलीं. विद्यावेतन ६००० रुपये, मुदत प्रथम सहा महिन्यांची! पोरांना नांव पाठ होतें न होतें तोंच बाईंची मुदत सरत आली.

शाळा व्यवस्थापन समितींत शेंकडा ७५ पालक असावेत, असें २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. तेथें नुसती सही ठोकून परतूं नका. पहिलीस कोण शिकवितें, नव्या बाईंचें मानधन वेळेवर येतें कीं नाहीं, हें विचारा. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकाला शिक्षणाबाहेरचें काम देऊं नये, असें त्याच कायद्याचें कलम २७ आहे. ती पोर स्वतः बोलणार नाहीं. तिला तीन वर्षें पुरीं करायचीं असतात. तुम्हांस तें भय नाहीं. कलम लिहिलेला कागद मीं आणला आहे. ज्यांस पाहिजे त्यांनीं उतरून घ्यावा.