घाटमाथ्यावरील सांबर आणि शिकारीचा बेत

बोलीभाषेत ज्यांना सरसकट हरीण म्हटले जाते, त्यांचे शास्त्रात दोन गट पडतात : ज्यांच्या नरांची भरीव शिंगे गळून पुन्हा उगवतात ते सारंग आणि ज्यांची पोकळ शिंगे आयुष्यभर टिकतात ते कुरंग. सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या आणि सांगलीच्या पश्चिम टोकाला असलेल्या चांदोलीच्या रानातील सांबर व भेकर हे सारंग होत.

या उंचावरील सांबराची शिकार हा नेमबाजीपेक्षा भूगोलाचा विषय होता. जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराला येथे सडा म्हणतात. त्यावर पावसाळ्यात कितीही पाणी कोसळले, तरी उन्हाळ्यात ओढे आटतात आणि उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांकडे जनावराच्या वाटा वळतात, म्हणून बेताचा आरंभ पाणवठा हेरण्यापासून होई. दिवसा सांबर उतारावरच्या दाट झाडीत बसते व तिन्हीसांजेला बाहेर पडते. त्याचे नाक तीक्ष्ण असल्यामुळे लपण, म्हणजे दबा धरण्याची आडोशाची जागा, वाऱ्याचा रोख पाहूनच ठरवावी लागे. शिवाय सकाळी उताराने खाली वाहणारी हवा ऊन तापल्यावर वर चढू लागते, त्यामुळे पहाटे योग्य असलेली जागा दुपारी कुचकामी ठरे. हाका करायचा, म्हणजे आरडाओरडा करून जनावर बंदुकीच्या दिशेने पिटाळायचे, तर माणसे हवीत. आणि दोनशे किलोंच्या आसपास वजनाचा नर कड्याखाली पडला, तर तो वर आणायलाही तीच माणसे हवीत, याचा विसर मात्र हौशी शिकाऱ्यांना हमखास पडत असावा!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी परवान्यावर शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. कायद्याच्या व्याख्येनुसार फासा लावणे, त्यासाठी हाका करणे, इतकेच नव्हे तर नुसता प्रयत्न करणे हीदेखील शिकारच होय.

२०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि पाणवठ्यांचे, वाटांचे हेच जुने ज्ञान गस्तीच्या व प्रगणनेच्या कामी येऊ लागले. एका वाघाला वर्षाला सुमारे ५० मोठी भक्ष्ये लागतात, म्हणून सांगली जिल्ह्यातीलच मानवनिर्मित सागरेश्वर अभयारण्यातून चितळ आणून चांदोलीत वाढवण्याचा उपक्रमही वनविभागाने हाती घेतला. पाणवठ्यावर मचाण आजही बांधले जाते, पण त्यावर बसणाऱ्याच्या हाती वही असते. व्याघ्र प्रकल्पातील शिकारीच्या पहिल्याच गुन्ह्याला किमान ३ व कमाल ७ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.