घरची पेट्रोल गाडी आणि डिझेलचा मोह

मोर्शी-वरुडच्या पट्ट्यांत संत्र्याचा आंबिया बहार उतरूं लागला, म्हणजे ज्यांचें घर अमरावतीस आणि बाग तिकडे, अशा कुटुंबांत एक चर्चा हटकून निघते. दारांत छोटी पेट्रोल मालगाडी उभी असते. सहा-सात वर्षें तिनें कुरकुर न करतां क्रेट वाहिलेले असतात. आणि तरीहि जुन्या गाड्यांच्या बाजारांत पाहिलेली एक डिझेल पिकअप यजमानांच्या मनांतून जात नाहीं. घरची गाडी देऊन, वर दीड लाख रुपये मोजून, ती आणावी कीं नाहीं? अशा घरांत दीड लाखांची रक्कम बहुधा मुलीच्या शिक्षणासाठीं किंवा विहिरीच्या कामासाठीं बाजूस ठेवलेली असते. म्हणूनच हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं.

‘डिझेल स्वस्त’ हा समज वऱ्हाडांत खोल रुजलेला आहे, आणि तो निराधार होता असेंहि नाहीं. २०१२ च्या मे महिन्यांत दिल्लीस पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेलें, तेव्हां डिझेल ४१ रुपयांच्या आंत होतें. पेट्रोलचा भाव २०१० सालीं सरकारी नियंत्रणांतून सुटला होता, डिझेलचा सुटला नव्हता. एवढ्या अंतराचें मूळ त्यांत होतें. ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलवरचेंहि नियंत्रण उठलें. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रांत हें अंतर लिटरमागें साधारण १२ ते १४ रुपयांचें राहिलेलें आहे. पंपावरचा आंकडा रोज पाहणाऱ्या माणसाचाहि मनांतला हिशेब मात्र पुष्कळदां जुन्या भावानेंच चालतो.

डिझेल इंजिनाचा अंगचा गुण भावावर अवलंबून नाहीं, हें खरें. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण ठिणगीनें पेटतें. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्यानें १८९७ सालीं जर्मनींत आउग्सबुर्ग येथें जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याची रीत निराळी. तेथें हवाच इतकी दाबली जाते कीं, ती तापून इंधनास पेटविते. या दाबामुळें तेवढ्याच उष्णतेंतून अधिक काम मिळतें, आणि लिटरभर डिझेलांत उष्णताहि पेट्रोलहून कांहींशी अधिक असते. उलट पेट्रोलांत आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि इथेनॉलची उष्णता लिटरमागें पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांशच भरते. तेव्हां इंधनाच्या सरासरींत डिझेल सरस, यांत वाद नाहीं. वाद आहे तो किती सरस, याविषयीं.

पेट्रोल १०५ रुपये व डिझेल ९२ रुपये धरावें. सारख्याच ओझ्यानें पेट्रोलची गाडी लिटरला १४ किलोमीटर व डिझेलची १७ किलोमीटर जाते असें समजावें. पहिलीस किलोमीटरमागें साडेसात रुपये पडतात, दुसरीस ५ रुपये ४१ पैसे. बचत २ रुपये ९ पैशांची. दीड लाख रुपये या वाटेनें परत यावयास जवळजवळ ७२ हजार किलोमीटर धांवावें लागतें. ज्याची गाडी मोर्शी ते अमरावती अशी मुख्यतः हंगामांत फिरते व वर्षाकांठीं १२ हजार किलोमीटर भरते, त्यास सहा वर्षें लागतील. आणि मध्यंतरीं एकदां जरी इंजेक्टर किंवा टर्बो बदलावा लागला, तर एका वर्षाची बचत गेलीच. जो नागपूरची १५० किलोमीटरची वाट आठवड्यांतून तीन-चार वेळां तुडवितो आणि वर्षांत ४० हजारांचा पल्ला गाठतो, त्याचे पैसे मात्र दोन वर्षांच्या आंत सुटतात.

याहून मोठी बाब ओझ्याची. छोटी पेट्रोल गाडी साधारण ७०० किलो माल नेते, म्हणजे २० किलोचे ३५ क्रेट. डिझेलची मोठी पिकअप त्याच्या दुप्पट माल एका खेपेंत नेते. मग ती लिटरला १२ किलोमीटरच गेली तरी बिघडत नाहीं, कारण दुसरी खेप, तिची मजुरी आणि बाजारांत उशिरां पोंचल्यामुळें पडणारा भाव, एवढें सगळें वांचतें. भरल्या गाडीनें चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्यास डिझेलची ओढ काय ती सांगावी लागत नाहीं. माल नेहमीच ७०० किलोंच्या आंत बसत असेल, तर या ओढीचा उपयोग शेजाऱ्यांस दाखविण्यापुरताच.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. मारुती कंपनीनें २०१६ मध्यें काढलेल्या सुपर कॅरी या मालगाडीचें डिझेल इंजिन त्या सुमारास बंद केलें आणि पेट्रोल व सीएनजी तेवढें ठेवलें. छोट्या गाडींत डिझेल कारखानदारासच परवडेनासें झालें, ही गोष्ट ग्राहकानेंहि ध्यानांत घ्यावी. २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांस काजळी अडविणारी जाळी असते. धूर पुरेसा तापला तरच तींतील काजळी जळून जाते. अमरावती-अकोला मार्गावर, जेथें २०२२ च्या जून महिन्यांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालण्याचा विक्रम झाला, तेथें गाडी एका वेगानें धांवते व जाळी साफ राहते. बडनेऱ्यापर्यंतच्या जा-ये मध्यें तीच जाळी तुंबते. त्यापूर्वींची गाडी घ्यावी, तर ती जुनी. आणि आठ वर्षें उलटलेल्या मालगाडीस योग्यतेचा दाखला दर वर्षीं घ्यावा लागतो.

बैलबाजारांत रुमालाखालीं बोटें धरून सौदा करणारा शेतकरी आधीं बैलाचे दात पाहतो, त्यास चालवून पाहतो आणि ‘विकतां कां?’ म्हणून विचारतो. गाड्यांच्या बाजारांत तोच मनुष्य रंगावर भुलतो, हें नवल आहे. डिझेलची गाडी पाहावयास सकाळीं जावें व इंजिन थंड असतांनाच सुरू करावयास लावावें. आधींच तापवून ठेवलेलें इंजिन आपले दोष झांकतें. निळा धूर दिसला तर तेल जळत आहे. चढावर काळा धूर सुटला तर इंजेक्टरांविषयीं संशय घ्यावा आणि ते जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावेत. मीटर ६० हजार दाखवीत असून क्लचच्या पेडलचें रबर गुळगुळीत झालें असेल, तर मीटरपेक्षां रबरावर विश्वास ठेवावा. घरच्या गाडीचा इतिहास मालकास पाठ असतो. क्लच-प्लेट केव्हां बदलली, कोणत्या उन्हाळ्यांत रेडिएटर गळला, हें त्याला तोंडपाठ सांगतां येतें. अदलाबदलीच्या सौद्यांत दलाल या ज्ञानाचा एक रुपयाहि देत नाहीं.

सौदा ठरलाच, तर दिलेल्या पेट्रोल गाडीच्या कागदांकडे अधिक लक्ष द्यावें. गाडी राज्यांतल्या राज्यांत विकली असेल तर विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें, असा कायदा आहे. पुष्कळ लोक दलालाच्या दुकानीं कोऱ्या अर्जांवर सह्या करून निर्धास्तपणें घरीं येतात, आणि गाडी महिनोन्महिने त्यांच्याच नांवावर फिरत राहते. अशा गाडीनें अपघात केल्यास भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिलेला आहे. २०२३ च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या दलालांस परिवहन कार्यालयाचें अधिकारपत्र घेण्याची व गाडी ताब्यांत आल्याची नोंद करण्याची तरतूद झालेली आहे. तें अधिकारपत्र पाहिल्यावांचून किल्ली हातांतून सोडूं नये.